पट ५८, दोन शिक्षक: पहिल्या सत्राचं वार्तापत्र आणि प्रगतिपुस्तक, काय कुठे लिहावं?

पाटीपेन्सिल:

नमस्कार मंडळी. वसई पट्ट्यातली धर्मग्रामाची (चर्चच्या पॅरिशची) छोटी अनुदानित शाळा, मराठी माध्यम, पहिली ते चौथी. पट ५८ (पहिली ११, दुसरी १६, तिसरी १४, चौथी १७). साठपर्यंतच्या पटाला दोनच शिक्षक मिळतात, म्हणून पहिली-दुसरी एका खोलीत, तिसरी-चौथी दुसरीत. दोघांपैकी एकाकडेच मुख्याध्यापकपद. निम्म्याहून अधिक मुलं कॅथलिक, बाकीची पाड्यांवरची आणि स्टेशनकडच्या नव्या इमारतींतली. कॅथलिक मुलांपैकी बरीच घरी सामवेदी (इथली बोली) बोलतात.

दिवाळीच्या सुट्टीआधी दोन कागद तयार करायचे आहेत. एक प्रगतिपुस्तक. दुसरं चार पानी सत्रअखेर वार्तापत्र. ते घरोघरी जातं, फादर आणि संस्था वाचतात आणि चर्चच्या फलकावरही लागतं. अडचणी अशा:

संस्थेला वार्तापत्रात वर्गवार निकालाची टक्केवारी आणि पहिल्या तिघांची नावं फोटोसकट हवी आहेत. वर्णनात्मक नोंदी ५८ मुलांच्या, प्रत्येक विषयाच्या. तयार वाक्यांच्या पुस्तिकेतून उतरवल्या की सगळी मुलं सारखीच दिसतात. ख्रिस्ती धर्मशिक्षणाचे गुण प्रगतिपुस्तकात घ्यावेत असाही आग्रह आहे. आणि पालकसभा: ऑक्टोबर म्हणजे जपमाळेचा महिना, संध्याकाळी आळीआळीत प्रार्थना, सकाळी बहुतेक पालक लोकलमध्ये. कुणी नीट बसवलेली पद्धत सांगेल का?

---

नोंदवही:

टक्केवारीपासून सुरुवात करते, कारण छोट्या शाळेत तीच सर्वांत जास्त त्रास देते.

तुमच्या तिसरीत १४ मुलं. एक मूल म्हणजे ७.१४ टक्के. "तिसरीतील ९३ टक्के विद्यार्थी वाचनात अपेक्षित पातळीवर" असं छापलं की उरलेलं एक मूल कोणतं, हे रविवारच्या मिस्सानंतर (चर्चमधल्या प्रार्थनेनंतर) फलकासमोर उभ्या असलेल्या प्रत्येकाला कळतं. नाव न छापता नाव छापल्यासारखंच. शिवाय पुढच्या सत्रात दोन मुलं आजारी पडली तर आकडा १४ टक्क्यांनी घसरतो आणि संस्था विचारते, काय झालं? काहीच झालेलं नसतं.

तेव्हा वार्तापत्रात वर्गवार टक्के नकोत. तिसरी-चौथी एकत्र धरा (३१ मुलं), पहिली-दुसरी एकत्र (२७), आणि टक्क्यांऐवजी मुलांची संख्या द्या, तीही जून आणि ऑक्टोबर अशी शेजारी शेजारी. वाचनासाठी प्रारंभिक, अक्षर, शब्द, परिच्छेद, गोष्ट या पाच पातळ्या बहुतेक शिक्षकांना पाठ आहेत. त्यातली एकच ओळ छापायची, समजा "परिच्छेद किंवा गोष्ट वाचणारी मुलं: जूनमध्ये १५, आता २३". ज्या पातळीवर पाचपेक्षा कमी मुलं आहेत ती सुटी छापू नका, शेजारच्या पातळीत मिळवा. संस्थेला सगळे आकडे हवे असतील तर ते शाळा व्यवस्थापनाच्या बैठकीत तोंडी द्या. फलकावर लागणाऱ्या कागदात त्यांचं काम नाही.

पहिल्या तिघांबद्दल: अकरा मुलांच्या पहिलीत तीन नावं म्हणजे चौथा भाग वर्ग. उरलेल्या आठांच्या घरी तो कागद कसा वाचला जाईल याचा विचार संस्थेने करावा. श्रेणी पद्धत असताना क्रमांक काढायचे तर गुणांच्या दशांशात शिरावं लागतं, आणि आकारिक गुण (सत्रभर वर्गातल्या कामावर दिलेले) इतके बारीक मोजलेलेच नसतात.

---

बेरीज_वजाबाकी:

वरच्या मुद्द्याला जोडून हिशेबाचं सांगतो, कारण प्रगतिपुस्तकातली निम्मी भांडणं तिथली असतात.

२० ऑगस्ट २०१० च्या शासन निर्णयाप्रमाणे सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापनात पहिली-दुसरीला आकारिक ७० आणि संकलित (सत्रअखेरची परीक्षा) ३०. तिसरी-चौथीला आकारिक ६० आणि संकलित ४०. संकलितमध्ये तोंडी-प्रात्यक्षिक १०, बाकी लेखी. म्हणजे पहिली-दुसरीला लेखी २०, तिसरी-चौथीला ३०. कला, कार्यानुभव, शारीरिक शिक्षण यांना संकलित नाही, सगळे आकारिकच. एखाद्या इयत्तेला वरून नवा नमुना आला असेल तर तिथे तो वापरायचा, जुन्याशी सरमिसळ नको. श्रेणी अशा: ९१ पासून अ-१, ८१ पासून अ-२, ७१ पासून ब-१, ६१ पासून ब-२, ५१ पासून क-१, ४१ पासून क-२, ३३ पासून ड, २१ पासून इ-१, त्याखाली इ-२.

आता बिघडतं कुठे. समजा तिसरीतल्या एका मुलीला गणितात आकारिक ५६, तोंडी ८, लेखी ९. बेरीज ७३, श्रेणी ब-१. घरी सगळे खूश. पण लेखी ३० पैकी ९ आहेत! श्रेणीने ते झाकून टाकलं. आकारिक ९३ टक्के आणि लेखी ३० टक्के, अशी दरी दिसली की श्रेणी लिहायच्या आधी थांबायचं. कारणं साधारण दोन. एक, आकारिक गुण सत्राच्या शेवटच्या आठवड्यात एका बैठकीत भरले गेले, म्हणून सगळ्यांना ५४ ते ५८. दोन, मुलीला गणित येतं पण प्रश्न वाचता येत नाही. तपासायला दहा मिनिटं पुरतात: तीच प्रश्नपत्रिका तिला वाचून दाखवा आणि उत्तरं तोंडी घ्या. तोंडी जमलं तर अडचण वाचनाची, आणि गणिताचा जादा तास वाया जाईल. तोंडीही जमलं नाही तर आकारिक गुण पुन्हा बघा.

दुसरी नेहमीची चूक: प्रत्येक घटक वेगळा पूर्णांकात आणणं. आकारिक साधनांतून आलेले ४२.५ आधी ४३ केले, तोंडीचे ७.५ चे ८, मग लेखी १० मिळवले की ६१, म्हणजे ब-२. मुळात बेरीज ६०. एकदाच, शेवटी पूर्णांक करा.

परीक्षेला गैरहजर मुलाला शून्य देऊ नका. आल्यावर परीक्षा घ्या आणि तारीख लिहा.

---

शब्दांकन:

वर्णनात्मक नोंदींबद्दल मी आग्रही आहे. विशेष प्रगती, आवड-छंद, सुधारणा आवश्यक, या तीन रकान्यांत "वाचन चांगले आहे", "अभ्यासात लक्ष देते", "हस्ताक्षर सुधारावे" एवढंच असेल तर रकाना कोरा ठेवलेला बरा. नोंद अशी हवी की पुढच्या वर्षी दुसरा शिक्षक आला तरी त्याला पहिल्या दिवशी कुठून सुरुवात करायची ते कळावं.

मराठीची नोंद: "जोडाक्षरविरहित आठ ओळींचा उतारा न अडखळता वाचते. रफार असलेले शब्द (सूर्य, गर्दी, वर्ग) गाळते किंवा र पुढच्या अक्षरानंतर उच्चारते. ट्र आणि त्र ओळखते." यात काय येतं, काय नाही आणि नेमकं कुठे अडतं, तिन्ही आलं. रफार वेगळा का अडतो? तो लिहिला जातो पुढच्या अक्षराच्या डोक्यावर, उच्चारला जातो त्याच्या आधी. डोळा आणि जीभ यांचा क्रम उलटा. म्हणून त्याचा सराव ट्र-त्र-प्र यांच्यात मिसळून न घेता आठवडाभर सुटा घ्यावा लागतो.

गणिताची नोंद: "वजाबाकी येत नाही" असं कधीच लिहू नका. ३०४ − १२८ हे एकच उदाहरण द्या आणि उत्तर पाहा. २२४ आलं तर मूल प्रत्येक स्थानी मोठ्यातून लहान वजा करतंय, उसनं घेणं हा प्रकारच त्याच्या डोक्यात नाही. २८६ आलं तर उसनं घेतंय, पण ज्याच्याकडून घेतलं तिथून कमी करायला विसरतंय. दोन्ही उत्तरं चूक, पण उपाय वेगळे. पहिल्याला शंभर, दहा आणि एकच्या खेळातल्या नोटा देऊन सुटे करायला लावायचे. दुसऱ्याला नोटांची गरज नाही, वर खोडून नवा अंक लिहायची सवय लावायची, म्हणजे ३ खोडून २, ० च्या जागी ९, आणि ४ चे १४. नोंदीत उत्तराचा प्रकार लिहिला की झालं.

५८ मुलं आहेत म्हणून घाबरू नका. शेवटी बसून लिहायच्या नसतातच या नोंदी. प्रत्येक मुलाला वहीचं अर्धं पान, रोज तीन मुलांची एकेक ओळ तारखेसह. दोन शिक्षकांत रोज सहा, म्हणजे दहा दिवसांत एक फेरी पूर्ण. सत्रात सुट्ट्या, पावसाने बुडालेले दिवस आणि सरकारी कामं धरूनही सात-आठ फेऱ्या होतात. ऑक्टोबरमध्ये फक्त निवडायचं.

वाचनाचा वेग नोंदवायचा असेल तर एक मिनिटाचं वाचन घ्या. निपुण भारतची (पायाभूत वाचन-गणिताच्या केंद्राच्या अभियानाची) अपेक्षा दुसरीअखेर मिनिटाला ४५ ते ६० शब्द, तिसरीअखेर किमान ६०. मात्र उतारा पाठ्यपुस्तकातला नको. धडे ऐकून पाठ झालेले असतात आणि मूल पानाकडे न बघता "वाचतं". वाचलेले ५२, चुकलेले ४, तर नोंद ४८. लगेच दोन प्रश्न अर्थावर विचारा, कारण काही मुलं ७० शब्द धडाधड वाचतात आणि गोष्टीत बैल होता की बोकड हे सांगू शकत नाहीत. आणखी एक: मराठी शब्द विभक्ती आणि शब्दयोगी अव्यय पोटात घेऊन लांब होतो. "विहिरीजवळच्यांनासुद्धा" हा एकच शब्द मोजला जातो. सत्राच्या सुरुवातीला आणि शेवटी उतारे साधारण सारख्या लांबीच्या शब्दांचे नसतील तर तुलना फसवी.

सामवेदी बोलणाऱ्या मुलांच्या तोंडी उत्तरात घरचा शब्द आला तर ती भाषेची चूक म्हणून मोजू नका, आकलनाला पूर्ण गुण द्या. लेखनात प्रमाण शब्द शेजारी लिहून द्या.

---

दोन_मुलांचा_पालक:

क्रमांक नकोत हे पटतं, पण नावंच नकोत हे नाही. वार्तापत्रात पालक पहिल्यांदा काय शोधतात? आपल्या मुलाचं नाव. ते कुठेच नसेल तर कागद शेंगदाण्याच्या पुडीला जातो.

---

नोंदवही:

मान्य. मग ५८ च्या ५८ नावं येऊ द्या, पण गुणांसाठी नव्हे. पट लहान असल्याचा हा फायदा आहे, मोठ्या शाळेला जमणार नाही. नावापुढे सत्रात केलेलं एक दिसणारं काम: "वाचनकोपऱ्याची नोंदवही सांभाळली", "परसबागेतल्या वालाची उंची दर सोमवारी मोजली", "परिपाठात बातम्या वाचल्या". फक्त एक पथ्य: "खूप सुधारणा झाली" हे कुणाच्याही नावापुढे नको. त्याचा उलटा अर्थ लगेच लावला जातो.

---

वेदीसेवक:

धर्मशिक्षणाबद्दल. राज्यघटनेच्या कलम २८(३) प्रमाणे, सरकारमान्य किंवा सरकारी मदत घेणाऱ्या संस्थेत कुणालाही धार्मिक शिक्षणाला किंवा उपासनेला बसण्याची सक्ती करता येत नाही. मूल अल्पवयीन असेल तर पालकाची संमती लागते. कलम ३० ने अल्पसंख्याक संस्थेला शाळा चालवण्याचा हक्क दिला आहे, पण त्याने ही अट उठत नाही. फादरना हे माहीत असतंच, विसरतं ते स्थानिक समितीतलं कुणीतरी.

व्यवहारात असं करा. प्रवेशाच्या वेळी एक संमतिपत्र, दरवर्षी जूनमध्ये नव्याने. ज्यांची संमती आहे ती मुलं धर्मशिक्षणाला, बाकीची त्याच तासाला मूल्यशिक्षणाला. मूल्यशिक्षण म्हणजे मैदानात सोडून देणं नव्हे, त्यालाही पाठ नियोजन हवं. दोन शिक्षकांत हे जमत नाही, म्हणून धर्मशिक्षणाला धर्मग्रामातल्या सिस्टर किंवा प्रशिक्षित शिक्षिका येतात आणि वर्गशिक्षक मूल्यशिक्षण घेतात, ही वाटणी सोपी पडते.

गुण शासकीय प्रगतिपुस्तकात नकोत. त्यात तसा विषयच नाही, आणि शाळा बदलताना तेच पुस्तक पुढे जातं. वेगळं अर्ध्या पानाचं कार्ड करा: प्रार्थना तोंडपाठ, बायबलमधल्या गोष्टी स्वतःच्या शब्दांत, उपस्थिती. चौथीतल्या ज्या मुलांची पहिल्या कम्युनियनची तयारी चालू आहे त्यांच्या कार्डावर पुढच्या वर्गांच्या तारखा टाका. हे कार्ड शाळेच्या शिक्क्याने नको, धर्मग्रामाच्या कार्यालयाकडून जाऊ द्या.

वार्तापत्रात मात्र जपमाळेचा महिना, नोव्हेंबरमधली मृतांची आठवण, आगमनकाळात (नाताळआधीच्या आठवड्यांत) मुलं काय करणार, हे खुशाल लिहा. शाळेचं वातावरण तेच आहे. फक्त जिथे मुलांनी "भाग घ्यायचा आहे" असं लिहाल तिथे "इच्छुक" शब्द घाला.

---

छापखाना:

चार पानं म्हणजे ए-३ कागद मधोमध दुमडून. पाचवं पान करू नका. दुमडीच्या हिशेबात पानं चाराच्या पटीतच बसतात आणि सुटा पाचवा कागद पहिल्याच दिवशी हरवतो.

पानांची वाटणी माझ्या मते: पहिल्यावर तारखा. शाळा कधी सुटते, कधी उघडते, पालकसभा, शाळा उघडल्यावर पहिल्या दिवशी काय आणायचं. मुख्याध्यापकांचं मनोगत पहिल्या पानावर टाकायची पद्धत आहे, ती मोडा. तारखांचा चौकोन कापून भिंतीला लावता येईल असा हवा, त्याच्या मागच्या बाजूला महत्त्वाचं काही छापू नका. दुसऱ्या-तिसऱ्यावर मुलांची कामं, ती ५८ नावं आणि वाचन-गणिताच्या दोन ओळी. चौथ्यावर पोषण आहार, आरोग्य तपासणी, खर्च-देणगी आणि सुट्टीतला अभ्यास.

मजकूर युनिकोडमध्येच टाइप करा. जुन्या छपाईच्या दुकानात मजकूर श्रीलिपीत (युनिकोडआधीच्या टंकात) फिरवतात तेव्हा "ऱ्या", "ॲ" आणि रफार हमखास मोडतात. "सुट्टीनंतरच्या कार्यक्रमात" चा "कायर्क्रम" होतो. म्हणून टंक अंतर्भूत केलेली पीडीएफ द्या आणि एक प्रत आधी छापून तपासा. अक्षर १३ च्या खाली नको. वेलांट्या-मात्रांमुळे देवनागरीला ओळींमधली जागाही जास्त लागते. व्हॉट्सॲपवर पाठवताना फोटो म्हणून नको, डॉक्युमेंट म्हणून पाठवा, नाहीतर ठिपके होतात. पाड्यावरच्या घरांना कागदच द्या.

फोटो: पालकांची लेखी संमती असेल तरच. २०२३ च्या डिजिटल व्यक्तिगत माहिती संरक्षण कायद्याने १८ वर्षांखालच्यांची माहिती वापरायला पालकांची संमती घालून दिली आहे. फोटोखाली पूर्ण नाव, आडनाव, आळी असं तिन्ही देऊ नका. गटाचे, काम करतानाचे फोटो घ्या, चेहऱ्याचे पासपोर्ट नकोत.

---

पाटीपेन्सिल:

खूप नेमकं मिळालं, आभार. धर्मशिक्षणाचं कार्ड वेगळं करतो आहोत. दोन गोष्टी उरल्या. एक, चौथीत एका मुलाची गणितात बेरीज २९ येते, म्हणजे इ-१. ते प्रगतिपुस्तकात तसंच द्यायचं का? दोन, पालकसभेची वेळ.

---

बेरीज_वजाबाकी:

तसंच द्यायचं. चार गुण वाढवून ड करणं सर्वांत सोपं आणि मुलासाठी सर्वांत वाईट, कारण ड लिहिलं की जादा मार्गदर्शनाची नोंद ठेवायचं कारणच उरत नाही. इ-१ आणि इ-२ आलेल्या मुलाला पूरक मार्गदर्शन देऊन ड पर्यंत आणणं हे शाळेचं काम, अशी त्या निर्णयातलीच अपेक्षा आहे.

आधी कुठून गेलं ते शोधा. चौथीचा मुलगा गुणाकारात अडतोय की त्याला अजून तीन अंकी संख्येतली स्थानिक किंमत कळत नाही? दुसरीअखेर ९९९ पर्यंतच्या संख्या, तिसरीअखेर ९९९९ पर्यंत, असा निपुणचा क्रम आहे. त्याला ४०७ आकड्यात लिहायला सांगा. ४००७ लिहिलं तर चौथीचा सराव बाजूला ठेवा, दुसरीच्या पायरीवर उतरा. शाळा उघडल्यावर तीन आठवडे, रोज अर्धा तास, फक्त स्थानिक किंमत. तुमच्या जोडवर्गात हा अर्धा तास चौथीच्या स्वयंअध्ययनाच्या वेळेत निघतो. मग फक्त तेवढ्यावर दहा गुणांची चाचणी, आणि दोन्ही तारखा नोंदवहीत. पुन्हा पूर्ण प्रश्नपत्रिका घेऊ नका, तो परत २९ वर येईल आणि मधली प्रगती दिसणारच नाही.

पालकांना श्रेणी दाखवण्याआधी ४०७ चं उदाहरण दाखवा. "इ-१" ऐकल्यावर पुढचं काही ऐकू जात नाही.

---

शब्दांकन:

वेळेचा हिशेब: एका मुलाला ८ मिनिटं धरली तर ५८ × ८ = ४६४ मिनिटं, दोन शिक्षकांत प्रत्येकी २३२, म्हणजे चार तासांना जरा कमी. सख्खी भावंडं असतील तिथे एकाच वेळी दोघांचं उरकतं, पण ती दोन खोल्यांत विभागली असतील तर दोन्ही शिक्षकांनी आपापल्या वेळा आधी जुळवून घ्या, नाहीतर आई या दारातून त्या दारात फिरत राहते.

रविवारी मिस्सानंतर ठेवू नका. कॅथलिक पालकांना सोयीचं वाटतं, पण बाकीच्यांना ती आपली सभा वाटत नाही, आणि प्रवेशद्वारात उभ्या उभ्या मुलाची चर्चा होते. शनिवारची सकाळची शाळा सुटल्यावर बारा ते चार ठेवा. ज्यांना शनिवारीही कामावर जावं लागतं त्यांच्यासाठी सोमवारी सकाळी साडेसहा ते सव्वासात, लोकल पकडायच्या आधी, पाच-सहा जागा राखा. चिठ्ठीवर "वेळ: ___" असं कोरं न ठेवता तुम्हीच वेळ लिहा आणि बदल हवा असेल तर कळवा म्हणा, कोरी चिठ्ठी परत येत नाही. जपमाळेच्या प्रार्थना संध्याकाळी असल्याने शनिवार दुपारशी टक्कर होत नाही.

त्या ८ मिनिटांत: पहिली दोन मुलाच्या वहीतलं एक पान पालकांच्या हातात देण्यासाठी, तीन वर्णनात्मक नोंदीवर, दोन पालकांनी बोलायला, शेवटचं एक सुट्टीत घरी काय करायचं यासाठी. तेही एकच काम सांगा. फुलं-भाजी बाजारात नेणाऱ्या घरात जुड्या मोजून दहा-दहाचे ढीग करायला लावले तर स्थानिक किंमतीचा सराव वेगळा द्यावा लागत नाही. आई किंवा बाबांना लिहिता-वाचता येत नसेल तर सहीऐवजी अंगठा मागण्याआधी नोंद मोठ्याने वाचून दाखवा, मुलाला बाहेर बसवून.

---

पाटीपेन्सिल:

शनिवार ठरवला. १२ ते ४, मधे चहाला दहा मिनिटं. चिठ्ठ्या बुधवारी जातील, सोमवारच्या सकाळच्या सहा जागा वेगळ्या रंगाच्या कागदावर.